दंड तोच

"मागे राहा, दीपा! मागेच!"

नीलेश मान न वळवता ओरडला. पालघर मागे पडून मनोरचा रस्ता लागला होता. चौघे एकामागोमाग एक, पुढच्याच्या चाकाला जवळजवळ टेकून चालले होते. सर्वांत पुढे नीलेश, त्याच्यामागे प्रदीप, मग चिंतू आणि शेवटी दीपा. आता पुढे जाऊन वारा अंगावर घ्यायची पाळी दीपाची होती. सरावात तसंच ठरलं होतं. प्रत्येकाने थोडा वेळ पुढे राहायचं, दमायच्या आत बाजूला व्हायचं आणि रांगेच्या शेवटी येऊन श्वास घ्यायचा. पण दीपा बाजूने वर आली की नीलेश हाताने तिला मागे जायची खूण करत होता.

"दादा, जोर कमी करा! घाट हाय पुढं!"

"तू फक्त चिकटून राहा. बाकीचं आम्ही बघतो."

दीपा पुन्हा शेवटी गेली. तिच्या पायांत अजून भरपूर दम होता आणि तो वापरायला कुणी देत नव्हतं.

शर्यत सांघिक होती. त्यांच्या बोईसरच्या 'किनारा सायकल क्लब'सारखे दहा-बारा संघ आले होते. संघ थोड्या थोड्या अंतराने सोडले होते. पालघरहून निघायचं, वाघोबा खिंड चढून मनोरला वळसा घ्यायचा आणि त्याच वाटेने परत यायचं. संघात चौघे आणि त्यांत किमान एक बाई असलीच पाहिजे, असा यंदाचा नवा नियम होता. वेळ मोजायची ती चौथा माणूस रेषा ओलांडेल तेव्हा. पहिले तीन संघ राज्य स्पर्धेला जाणार होते.

दीपा या दिवसाची सात वर्षं वाट बघत होती. शर्यतीत बायकांचा गट दर वेळी जाहीर व्हायचा आणि पुरेशी नावं आली नाहीत म्हणून दर वेळी रद्द व्हायचा. मग आयोजक म्हणायचे, ताई, आलाच आहात तर पुरुषांबरोबर चालवा हौसेनं. ती चालवायची. शेवटी गळ्यात सहभागाचं पदक पडायचं, चालत गेलेल्यालाही मिळालं असतं असलं. तिची वेळ कुणी लिहून घेत नसे. आज पहिल्यांदा तिची वेळ मोजली जाणार होती.

ती मूळची माकुणसारची. लग्न होऊन सालवडला आली आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत पॅकिंगला लागली. नवरा सुजित दुसऱ्या कंपनीत शिफ्टला. घरी शाळेत जाणारी मुलगी, तेजल. पॅकिंगची लाइन अडली की "दीपाला बोलवा" असा पुकारा होई. लाइन सुरू झाली की साहेबांना कळवायला सुपरवायझर जाई. दोनदा सुपरवायझरची जागा निघाली आणि दोन्ही वेळा तिनेच काम शिकवलेले पुरुष त्या खुर्चीवर बसले. दीपा घरी येऊन भांडी जरा जोरात घासायची, इतकंच.

सायकलीवर मात्र तिला मोकळं वाटायचं, आणि ही सायकल नीलेशनेच तिला दिली होती. तो दुसऱ्या एका कंपनीत खरेदी विभागाचा मॅनेजर. कामाला जाताना साध्या लेडीज सायकलवर सुसाट सुटलेली ही बाई त्याने रस्त्यात पाहिली आणि थांबवून विचारलं, क्लबात येणार का? स्वतःची जुनी शर्यतीची सायकल तिच्या उंचीला बसवून दिली. वळणावर कसं झुकायचं, गिअर कधी बदलायचा, सगळं रविवारी रविवारी शिकवलं. सुजित आधी कुरकुरला, तर नीलेशने घरी येऊन चहा पीत त्याची समजूत काढली होती. त्यामुळे आज "मागे राहा" म्हणणाऱ्या या माणसावर तिला धड चिडताही येत नव्हतं.

जाताना खिंड त्यांनी झपाट्याने चढली. वाटेतल्या वाघोबाच्या देवळापाशी गाड्या थांबवून नमस्कार करणारी माणसं यांच्याकडे बघत राहिली. मनोरला वळसा घेताना वेळ टिपणारा ओरडला, "किनारा! सध्या तिसरे!"

नीलेशने मूठ उंचावली आणि आणखी जोर लावला. वळशावर त्याच्या कंपनीची माणसं उभी होती, संघाला पैसे कंपनीनेच दिले होते.

"दादा, आता मी येते पुढं," दीपा म्हणाली.

"नको. वेग मोडेल."

दीपा समोरच्या चिंतूच्या पाठीकडे बघत दात आवळून पेडल मारत राहिली. वेग मोडेल! गेल्या महिन्यातल्या सरावात हाच वेग तिने उमरोळीपासून बोईसरपर्यंत एकटीने पुढे राहून टिकवला होता, आणि तेव्हा तिच्या मागे आडोशाला हेच तिघे होते.

परतीच्या चढाला लागले आणि अर्ध्यावर नीलेशचे खांदे हलायला लागले. आधी प्रदीप त्याला ओलांडून पुढे झाला, मग चिंतू. नीलेश रांगेच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला सरकत गेला. त्याचं तोंड उघडं होतं आणि चेहरा राखेसारखा झाला होता.

"दादा, काय होतंय?"

"तुम्ही... व्हा पुढे."

"पुढं होऊन काय करू? चौथ्याची वेळ धरतात!"

वरून प्रदीपने मागे पाहिलं. प्रदीप कंपनीत नीलेशच्याच हाताखाली होता. "दीपाताई, काय करायचं?"

"चला तुमी, हळू चला. आणते यांना."

ढकलायचं नाही हा नियम सकाळीच वाचून दाखवला होता. दीपाला तो माहीत होता. पण वळणापलीकडचा तेवढाच चढ बाकी होता, आणि सात वर्षांत पहिल्यांदा मोजली जाणारी वेळ डोळ्यांसमोर सांडत होती. तिने उजवा हात हँडलवर घट्ट धरला आणि डावा नीलेशच्या पाठीवर ठेवला. कपडा घामाने निथळत होता, खाली बरगड्या भात्यासारख्या चालत होत्या. ती दोघांचं वजन आपल्या पायांवर घेऊन चढली. हात काढ, असं नीलेश म्हणाला नाही.

माथ्यावर तिने हात काढला आणि पहिल्यांदाच त्याला न विचारता रांगेच्या पुढे गेली. या वेळी "मागे राहा" कुणी म्हणालं नाही. उतार संपल्यापासून पालघरपर्यंतचा सगळा वारा तिने अंगावर घेतला. तिच्या मागे प्रदीप, मग चिंतू आणि सर्वांत शेवटी, मान खाली घालून, नीलेश. चौघांनी रेषा ओलांडली तेव्हा तिला पाय टेकवता येईनात. चिंतूने सायकल धरली.

"तिसरे असू आपण, ताई," तो म्हणाला. "बघा तुमी. नक्की तिसरे."

मैदानात मंडप होता. पुढच्या सोफ्यांवर पाहुणे, मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्या. नीलेशने तोंडावर पाणी मारलं, केस सारखे केले आणि तो पहिल्या रांगेतल्या आपल्या कंपनीच्या साहेबांना भेटून आला. मग निकाल पुकारला गेला. पहिला संघ वसईचा, दुसरा डहाणूचा. तिसऱ्याचं नाव येण्याआधी निवेदक थांबला.

"एक सूचना. बोईसरचा किनारा सायकल क्लब वेळेनुसार तिसरा होता. परंतु घाटात महिला स्पर्धकाला ढकलत आणल्याबद्दल त्यांना अर्ध्या मिनिटाचा दंड झालेला आहे. त्यामुळे ते चौथे. महिला सदस्याला सांभाळून आणल्याबद्दल मात्र आपण त्यांचं कौतुक करू या!"

टाळ्या वाजल्या. कुणीतरी हसत नीलेशच्या पाठीवर थाप मारली, बरोबर तिथेच.

दीपाला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिने प्रदीपकडे पाहिलं. तो खाली वाकून साखळीवरचा धुरळा पुसायला लागला होता. चिंतू तोंड उघडून नीलेशकडे बघत होता. नीलेश हसून थाप मारणाऱ्याला म्हणत होता, "असू द्या हो, मिक्स टीम म्हटली की होतं असं."

ती थेट पंचांच्या टेबलापाशी गेली. पांढऱ्या टोपीतले मुख्य पंच बिसलेरीची बाटली उघडत होते.

"सर, मला नाय ढकललं कुणी."

"ताई, आमच्या माणसाने पाहिलंय. वरच्या वळणावर उभा होता तो."

"ढकललं ते खरं हाय. मी ढकललं. आमच्या कप्तानाला."

पंचांनी बाजूला उभ्या असलेल्या आपल्या माणसाकडे पाहिलं. तो ओशाळला. "लांबून दिसलं सर. सगळ्यांचे कपडे एकच, डोक्यावर हेल्मेट. एक जण दुसऱ्याला ढकलत होता. आता टीममध्ये बाई आहे म्हटल्यावर..."

"म्हटल्यावर काय?" दीपाने विचारलं.

पंच समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, कोणी कोणाला ढकललं याने निकालात काही बदल होत नाही. दंड तोच."

"दंड असू दे. मी दंडाचं बोलत नाय. माईकवर सांगा की मला ढकललं नव्हतं."

"आता बक्षिसं चालू आहेत, ताई. पाहुण्यांना पुढे जायचंय. तुमच्या कॅप्टनना पाठवा, बघू आपण."

ती नीलेशकडे आली. तो खुर्चीत बसून केळं खात होता. चेहऱ्यावर अजून रंग परतला नव्हता. क्षणभर तिला त्याची दया आली.

"दादा, तब्येत बरी नव्हती तर बोलायचं होतं."

"रात्रभर पोट बिघडलेलं. म्हटलं निभावेल."

"जाऊ दे ते. पंचांना सांगा कोणी कोणाला ढकललं. तुमी सांगितलं तर ते माईकवर सांगतील."

नीलेशने केळ्याची साल हातात गुंडाळली. "दीपा, दंड टीमला झालाय. तुला एकटीला नाही. कोणी ढकललं याने काय फरक पडतो?"

"फरक पडत नाय ना?"

"नाही."

"मग सांगा."

त्याची नजर पहिल्या रांगेकडे गेली. "तिथे आमचे साहेब बसलेत," तो हळू आवाजात म्हणाला. "पुढच्या वर्षीचे पैसे त्यांच्याच हातात आहेत. क्लबचा विचार कर. तुझ्यासाठी मी कधी काही कमी केलंय का?"

नव्हतं केलं. तेच तर होतं. ती सायकल, तो सुजितबरोबरचा चहा, ते सगळे रविवार. या सगळ्याच्या बदल्यात हे एवढं द्यायचं, असं तो मागत होता, आणि मागताना त्याला खरोखर वाटत होतं की ते एवढंसंच आहे.

"म्हणजे पडतो फरक," ती म्हणाली.

बक्षिसं संपली. पाहुणे गेले, साहेबांची गाडी गेली. मंडप भराभर रिकामा झाला. नीलेश, प्रदीप आणि चिंतू सामान घेऊन मैदानाच्या टोकाला लावलेल्या गाडीकडे गेले. निवेदक पंचांबरोबर जेवायला निघून गेला. मंडपवाल्याकडे कामाला आलेल्या दोन बायका खुर्च्या एकात एक घालत होत्या.

माईकवाला वायर गुंडाळायच्या तयारीत होता. दीपा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"चालू हाय का अजून?"

"हाय. काय हरवलंय का, ताई? पुकारायचंय?"

"हां. दोन शब्द."

"बोला लवकर. जनरेटर बंद करायचाय."

तिने माईक हातात घेतला. समोर रिकामं मैदान, चुरगळलेले कागदी कप आणि खुर्च्यांचे मनोरे. जन्मात ती कधी माईकवर बोलली नव्हती. स्वतःचाच श्वास कर्ण्यातून ऐकून ती दचकली.

"मी दीपा सावे. किनारा सायकल क्लब, बोईसर." तिने माईक जरा लांब धरला. "खिंडीत मला कुणी ढकललं नाय. मी ढकललं. आमच्या कप्तानाला. दंड बरोबर हाय. सांगितलं ते चुकीचं होतं. एवढंच."

खुर्च्या उचलणाऱ्या बायकांपैकी एक थांबली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि मग पुन्हा खुर्च्यांकडे वळली. मैदानाच्या टोकाला गाडीच्या मागे सायकलींचा पट्टा आवळणारा नीलेश थांबला. त्याने इकडे पाहिलं नाही. थोड्या वेळाने त्याचे हात पुन्हा पट्टा आवळायला लागले.

"झालं?" माईकवाल्याने विचारलं.

"झालं."

प्रदीप तिची सायकल घेऊन अर्ध्या वाटेपर्यंत आला. "ताई, मी बोललो असतो. पण साहेबच ना ते माझे. तुमाला माहीत हाय."

"माहीत हाय."

"चला, गाडीत बसा. पाय भरून आलेत तुमचे."

"मी येते चालवत."

तिने सायकल घेतली आणि ती निघाली. बोईसरच्या रस्त्याला लागेस्तोवर ऊन चढलं होतं. डावीकडून खाऱ्या पाण्याचा वास घेऊन वारा येत होता आणि सायकल सारखी कडेला ढकलत होता. मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या. घरी सुजित विचारणार होता, कितवे आलात? तेजल विचारणार होती, तुझा कितवा नंबर? चौथे, एवढं सांगून भागणार नव्हतं, आणि त्यापुढचं कसं सांगायचं ते तिला सुचत नव्हतं. चिडून ती पेडल मारत राहिली. राग ओसरायचं नाव घेत नव्हता.

उमरोळीच्या अलीकडे मागून ओळखीचा हॉर्न वाजला. नीलेशची गाडी तिच्या बरोबरीला आली आणि हळू झाली. काही अंतर ती तशीच शेजारून, तिच्या वेगाने चालत राहिली. दीपाने समोरची नजर हलवली नाही. गाडीची काच खाली आली नाही.

मग गाडीने वेग घेतला. मागे पट्ट्यांनी आवळलेल्या तीन सायकली होत्या. चौथीच्या जागेचा पट्टा मोकळा सुटून वाऱ्यावर फडफडत होता. गाडी वळणाआड जाईपर्यंत तो दिसत राहिला.