डॉलरच्या मालाला तोंड लावू नका!

मी एक चमचा बोलतोय. सूप प्यायचा, गोल तोंडाचा, स्टेनलेस स्टीलचा. तुम्ही म्हणाल, चमच्याचं कसलं आलंय चरित्र! पण जरा थांबा. एका घराची चूल माझ्यामुळे विझायची राहिली आहे, तेव्हा थोडी फुशारकी मारायचा हक्क मला आहे, आणि ती मी मारणारच.

माझा जन्म त्सुबामेचा. जपानच्या बर्फाच्या मुलखातलं हे गाव पिढ्यान्‌पिढ्या धातू ठोकत आलंय. कधी खिळे ठोकले, कधी तांब्याच्या किटल्या, कधी लांब दांडीच्या पितळी चिलमी. मग महायुद्ध झालं, देश हरला, चिलमी जाऊन सिगारेटी आल्या आणि गावावर हात चोळत बसायची पाळी आली. तेवढ्यात कुणीतरी बातमी आणली की अमेरिकेत माणसं भात काड्यांनी खात नाहीत, काट्या-चमच्यांनी जेवतात, आणि तेही घरटी डझनांनी ठेवतात. झालं, सगळं गाव चमचे करायला लागलं. ज्यांनी उभ्या जन्मात चमचा तोंडात घातला नव्हता, त्यांनी!

आता माझ्या अंगातल्या पोलादाचं सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. माझ्यात निकेल आहे, ते परदेशातून येतं आणि त्यासाठी डॉलर मोजावे लागतात. त्या काळी गोणीभर येन घेऊन गेलात तरी डॉलर म्हणून कुणी हातावर ठेवत नसे. सरकार एखाद्या खाष्ट सासूसारखं परकीय चलनाच्या किल्ल्या कमरेला खोचून बसलं होतं. तोक्योतले साहेब ठरवणार, बाहेरचा माल कुणाला आणि किती द्यायचा. त्यांचा हिशेब सरळ होता. जो आपला माल बाहेर विकून डॉलर घरात आणेल, त्याच्या वाट्याला पुढच्या खेपेचं पोलाद. ज्याचा माल परत येईल, त्याने दुसरा धंदा बघावा.

माझा मालक किसाबुरो. घरामागच्या पडवीत त्याचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, एक दाबयंत्र, दोन घासायची चाकं आणि छपरातून गळणारं पाणी. ते दाबयंत्र घेण्यासाठी त्याने बापाची चिलमी करायची सगळी हत्यारं विकली होती. बाप म्हणजे योहेईआजोबा. ते या गोष्टीवर उघड काही बोलले नाहीत, पण तेव्हापासून मुलाच्या हातचा चहा ते घेत नसत. सूनबाई तोकुएने दिला तर घ्यायचे.

मला यंत्राखालून काढलं किसाबुरोने आणि चाकावर घासून चमकवलं तोकुएने. तिचं तोंड घासायच्या काळ्या लुकणाने असं माखायचं की नुसते दात दिसायचे. मी तयार झालो तेव्हा तिने मला उजेडात धरून स्वतःचा चेहरा माझ्यात पाहिला, उलटा दिसला, आणि ती खुदकन हसली. माणसाचा हसरा चेहरा मी पहिल्यांदा बघितला तो असा.

पण लाड तिथेच संपले. आम्हाला पातळ कागदात गुंडाळलं आणि आमच्यातले चार नग नमुना म्हणून पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे ठेवले. त्यात मी. रोज सकाळी आमच्यापुढे उदबत्ती लागायची. आणि घरात एक सक्त नियम होता, तो किसाबुरो येता-जाता ऐकवायचा, “डॉलरच्या मालाला तोंड लावायचं नाही!” नुसत्या त्याच घरात नाही, सगळ्या गल्लीत तोच नियम. एखादा चमचा ओरखडा पडून बाद झाला तरी त्याने कुणी घासभर खायचं नाही, तो वितळवायला जायचा. देशाचा माल तो, उष्टावायचा कसा? गावात हजारो चमचे बनत होते आणि सगळं गाव मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, सार वाटीला तोंड लावून पीत होतं.

माझी कड फार धारदार होती हो! मला ठाऊक होतं. पण चमच्याला तोंड असूनही बोलता येत नाही, ही आमच्या जातीची रड आहे.

सरकारी तपासनीस आले. परदेशी जाणारा माल त्यांच्या शिक्क्याशिवाय हलत नसे. त्यांनी आमच्या भावंडांना तोलून बघितलं, मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलं, वाकवलं, भिंगाखाली धरलं. गंज नाही, डाग नाही, वजन बरोबर. शिक्का बसला. पेट्या योकोहामाला गेल्या, तिथून बोटीवर चढल्या आणि गल्लीतल्या बायकांनी सणासुदीचा लाल घेवड्याचा भात शिजवला.

मग एका सकाळी शिईनासाहेब आले. हे व्यापारी कंपनीचे माणूस, आमचा माल अमेरिकेला पाठवणारे. डोक्यावरचं बर्फ न झटकताच ते उंबऱ्यावर बसले.

“किसाबुरो, माल नाकारलाय.”

“नाकारलाय? शिक्का आहे ना त्यावर!”

“शिक्का आपला आहे रे. तोंड त्यांचं आहे. दुकानदाराने एवढंच कळवलंय की असा चमचा तोंडात घालवत नाही. का, कशामुळे, काही नाही.”

“मग आता?”

“महिनाअखेर मला नवा नमुना हवा. नाहीतर तुझ्या वाट्याचं पोलाद दुसऱ्याला जाईल. मी काही तुझा वैरी नाही, पण वरून हुकूम तसाच आहे. डॉलर नाही, तर पोलाद नाही.”

ते गेल्यावर किसाबुरो बराच वेळ दाबयंत्रावर हात ठेवून उभा राहिला. पोलाद गेलं म्हणजे यंत्र गेलं, आणि बापाची हत्यारं तर आधीच गेली होती. मग तोकुए म्हणाली, “अहो, चकाकी कमी पडली असेल. अमेरिकेतली माणसं श्रीमंत. त्यांना आरशासारखं लागत असेल.”

“बरोबर बोललीस! घास.”

आणि त्यांनी मला पुन्हा चाकावर धरलं. आतून घासलं, बाहेरून घासलं. मी झालो आरसा, पण कड झाली पात्यासारखी. दुखण्यावर नेमकं उलटं औषध चाललं होतं आणि मी आपला चाकावर किंचाळत होतो. ते म्हणत होते, “आवाज कसा छान निघतोय!” किसाबुरोने कडेवरून अंगठा फिरवून पाहिला. त्या अंगठ्याला इतके घट्टे होते की त्याला सुरीचीही धार कळली नसती. तो खूश झाला आणि मी परत देव्हाऱ्यापुढे गेलो.

अशात योहेईआजोबा छपरावरचं बर्फ लोटायला चढले आणि घसरून खाली आले. उजवं मनगट मोडलं. आता डाव्या हाताने काड्या काही धरता येईनात. तोकुएने पेज केली, वर खारवलेलं उमेचं आंबट फळ ठेवलं आणि ती त्यांना भरवायला बसली. काड्यांनी भरवावी तर पेज गळ्यावर, वाटी तोंडाला लावावी तर जीभ भाजायची.

“सूनबाई, मला जेवू घालते आहेस की आंघोळ घालते आहेस?”

तोकुएने इकडेतिकडे बघितलं. किसाबुरो पडवीत होता. ती उठली, देव्हाऱ्यापुढे हात जोडून काहीतरी पुटपुटली आणि तिने मला उचललं. कागद उलगडला. माझ्यात गरम पेज भरली. काय सांगू तुम्हाला! ज्या कामासाठी जन्माला आलो, ते काम आयुष्यात पहिल्यांदा करत होतो. भीतीने मी गार पडायला हवं होतं, पण पेजेने उलट चांगलाच तापलो.

आणि व्हायचं तेच झालं.

“अयाई गं!” आजोबा ओरडले. ओठाच्या कोपऱ्यावर रक्ताचा थेंब. “मारतेस का काय मला? हा चमचा आहे की न्हाव्याचा वस्तरा?”

आरडाओरडा ऐकून किसाबुरो धावत आला. बापाच्या ओठावरचं रक्त त्याला दिसलंच नाही, दिसलो फक्त मी, पेजेने माखलेला.

“तोकुए! डॉलरच्या मालाला तोंड लावलंत? नमुन्याला? अगं, उद्या साहेबांना काय उष्टा चमचा देऊ?”

तोकुए घाईघाईने मला पुसायला लागली. आजोबांनी मात्र डाव्या हाताने मला तिच्याकडून ओढून घेतलं आणि मुलाच्या नाकापुढे नाचवलं.

“अरे शहाण्या, तोंड लावायचाच माल आहे ना हा? का त्याने अमेरिकेत जमीन खणणार आहेत? जन्मभर मी चिलमी केल्या. एकही चिलीम स्वतःच्या ओठांत धरल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला दिली नाही. तुझी आई म्हणायची, सगळ्या गावाला उष्टं विकता! पण एकाचा तरी ओठ कापला का कधी?”

“बाबा, ते वेगळं…”

“काही वेगळं नाही. आ कर.”

“काय?”

“आ कर म्हणतो ना!”

चाळिशीच्या किसाबुरोने बापापुढे आ केला. मी आत गेलो आणि बाहेर आलो. त्याने ओठावर हात दाबला. डोळ्यांत पाणी आलं. कडेने आलं की आणखी कशाने, ते मी सांगणार नाही, पण तो बापापुढे तसाच गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, “बाबा, चुकलं. तुमची हत्यारं विकली तेव्हाही विचारलं नाही तुम्हाला.”

“ते राहू दे. पेज गार होतेय,” आजोबा म्हणाले. “तुझ्या हातचा चहा कर मला जरा.”

पुढचे दिवस म्हणजे आमच्या घरातली जत्रा. देव्हाऱ्यापुढचे चारही चमचे ताटात आले. तोकुए माझी कड चाकावर हळूहळू गोलसर करायची, मग स्वतः सार पिऊन बघायची, मग सासऱ्यांना द्यायची. आजोबा डोळे मिटून चव घेतल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, “अजून बोचतोय. डाव्या अंगाला.” शेजारची किनू, तीही घासायचं काम करायची, आधी दारातूनच बघत होती.

“काय गं तोकुए, देशाचा माल चाटताय होय तुम्ही सगळे?”

“ये, तूही चाट. तुझा ओठ नाजूक आहे असं तुझा नवरा सांगत फिरतो ना?”

किनू आली. मग तिच्यामागून अर्धी गल्ली आली. कुणी मला मुठीत धरलं, कुणी काडीसारखं दोन बोटांत. सगळ्यांनी सार असं काही भुरकलं की कौलांवरचं बर्फ सरकलं असेल! कुणाचा ओठ जाड, कुणाचा पातळ, कुणाला दात नाहीत. सगळ्यांना विचारून विचारून तोकुएने माझी कड बसवली. शेवटी आजोबांनी पेजेची अख्खी वाटी माझ्याने संपवली, आणि ती संपेपर्यंत ते शेजारच्यांच्या भांडणाबद्दल बोलत होते. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. तोकुएने किसाबुरोकडे बघितलं आणि किसाबुरो उठून साचा दुरुस्त करायला गेला.

महिनाअखेर शिईनासाहेब आले. त्यांच्यापुढे नमुना ठेवायच्या ऐवजी तोकुएने सार ठेवलं आणि वाटीत मी.

“हे काय?”

“आधी प्या, मग बोला,” आजोबा म्हणाले.

साहेबांनी टाय खांद्यावर टाकला आणि प्यायला सुरुवात केली. सगळं घर त्यांच्या ओठांकडे बघत होतं. वाटी रिकामी झाली. साहेबांनी मला पालथं केलं, कडेवर ओठ टेकवून पुन्हा बघितलं, आणि वाटी तोकुएपुढे धरून म्हणाले, “आणखी थोडं वाढता का?”

माझ्यासारखाच नवा नमुना अमेरिकेला गेला आणि वसंतात तार आली. मागणी एवढी मोठी की एका पडवीत मावेना. सगळ्या गल्लीने ती वाटून घेतली. त्या डॉलरवर पोलाद आलं, त्या पोलादावर आणखी डॉलर आले. गळकं छप्पर गेलं, दुसरं दाबयंत्र आलं. काही वर्षांत अशी पाळी आली की अमेरिकेतले चमचेवाले आमच्या गावाच्या नावाने बोटं मोडायला लागले आणि आमचा माल अडवा म्हणून त्यांच्या सरकारकडे गाऱ्हाणी घेऊन गेले. ते ऐकून किनूने पुन्हा लाल घेवड्याचा भात शिजवला. आणि आमच्या गल्लीत नवा नियम लागला. पेटीला खिळे ठोकण्याआधी त्यातला एक चमचा घरात जेवायला बसायचा.

मी काही तेव्हा अमेरिकेला गेलो नाही. मला आजोबांनी ठेवून घेतलं. मनगट बरं झालं तरी त्यांनी पेजेला काड्या लावल्या नाहीत, आणि ते गेल्यावर मी तोकुएच्या हातात आलो.

मग एके साली सरकारने कमरेच्या किल्ल्या सैल केल्या. साध्या माणसालाही परदेशात फिरायला जाता येईल, पाचशे डॉलर बरोबर नेता येतील, असं जाहीर झालं. गावातले चमचेवाले मिळून निघाले. तोकुएने मला रुमालात बांधून पिशवीत टाकलं.

“अमेरिकेला चमचा घेऊन जातेस? वेड लागलंय का तुला?” किसाबुरो म्हणाला.

“घरचं माणूस घरी एकटं कसं ठेवू?” तोकुए म्हणाली.

सिअ‍ॅटलच्या बंदराजवळ एका साध्या खानावळीत आम्ही बसलो होतो. शेजारच्या टेबलावर एक धिप्पाड गोदी कामगार शिंपल्यांचं दाट सूप पीत होता. एका हातात वर्तमानपत्र, दुसऱ्या हातात चमचा. किसाबुरोने तो चमचा बघितला आणि तोकुएचं कोपर असं दाबलं की ती कळवळली.

“अगं, आपला आहे! ती नक्षी माझ्या साच्यातली आहे. त्याला सांगू का?”

“बसा खाली. जेवू द्या त्याला.”

दोघं हात मांडीवर ठेवून बघत राहिले. चमचा वर जात होता, खाली येत होता. तो माणूस बातम्या वाचत होता, मान डोलवत होता, एकदा स्वतःशीच हसलाही. चमच्याकडे त्याने एकदासुद्धा बघितलं नाही. वाडगं रिकामं झालं, त्याने हाताच्या पाठीने ओठ पुसले, चमचा आत टाकला आणि शीळ घालत निघून गेला. तोकुएने मला पिशवीतून काढून दोन्ही तळव्यांत घट्ट धरलं. ती हसत होती आणि रडतही होती, आणि वाढणारी बाई घाबरून विचारत होती की सूप बिघडलंय का.

आता मी म्हातारा झालोय. अंगावर ओरखडे आहेत, चकाकी केव्हाच गेली. तोकुए अजून रोज सकाळी माझ्याने पेज खाते आणि खाताना खिडकीबाहेर बघत असते. जाता जाता तुमच्याकडे एकच मागणं आहे. उद्या जेवायला बसाल तेव्हा गप्पा मारा, भांडा, पेपर वाचा, काय वाटेल ते करा. फक्त चमच्याकडे बघू नका. हात आपला वर जाऊ दे, खाली येऊ दे. आम्ही तुमच्या लक्षातसुद्धा आलो नाही, तर समजा त्सुबामेचा माल पुन्हा एकदा पास झाला!