तलवारीवरची खाच

"छापायला देण्याआधी तुमी वाचा, आबा. तुमच्यामुळंच लिहिलाय," म्हणत पंचशीलानं कॉलेजच्या अंकासाठी लिहिलेला लेख आजोबांच्या हातात दिला.

भारतआबा पन्नाशीत अक्षरं शिकलेले. ओळीखाली बोट धरून वाचायचे. ऊसतोडीला म्हणून गुजरातेत गेले, ते सोनझर नावाच्या इवल्याशा जुन्या राजपूत संस्थानाच्या, आता पाहुण्यांना बघायला खुल्या असलेल्या महालात राखणदार म्हणून राहिले. वीस वर्षांनी आपल्या गावी, नांदूरघाटला परतले. इंग्रजांच्या काळातल्या त्या संस्थानाच्या गोष्टी नातीला त्यांनीच सांगितल्या होत्या.

तिसऱ्या पानावर बोट थांबलं. 'इंग्रजांशी लढताना राजाच्या तलवारीला खाच पडली. ती आजही दिसते.' आणि शेवटी, 'माहिती : भारत गायकवाड'.

आबांनी बोट त्या नावावर ठेवलं.

"माजं नाव खोड, बाई."

"कावून?"

"ती खाच माज्या हातची हाय. तेल लावताना तलवार फरशीवर पडली. नोकरी जाईल म्हणून मॅनेजरला सांगितलं, खाच लढाईतली हाय. त्याला लई आवडलं. पाटीच लावली त्यानं. लोक हात जोडायचे."

"आणि लढाई?"

"झालीच न्हाई. इंग्रज साहेब यायचा म्हणून राजा दोन तास उन्हात उभा व्हता. तलवार साहेबाच्या पायाशी ठेवली. त्यानं उचलून परत दिली, तर राजानं तोच मान म्हणून मिरवली."

"हे तुमाला कुणी सांगितलं?"



"महाल झाडणाऱ्या म्हातारीनं. साहेबाचे तंबू वाहायला तिच्या आज्ज्याला फुकटात धरून नेलतं. घाटातच मेला तो. हे कळल्यावरबी मी पाव्हण्यांना लढाईच सांगायचो. ती तिथंच झाडत असायची. ऐकायची. एकदाबी खोटं म्हणली न्हाई मला."

पंचशीलानं पेन काढलं. ती लढाईची ओळ खोडली.

"तुमचं नाव ऱ्हाऊ द्या, आबा. खाच कुणी पाडली तेबी लिहिते."

आबांनी मान डोलावली. नको म्हणायला तोंड राहिलं नव्हतं.

"त्या आजीचंबी टाकते. काय नाव तिचं?"

आबा हातातल्या कागदाकडं बघत राहिले. वीस वर्षं रोज सकाळी ते तिनं झाडलेल्या फरशीवरून चालत गेले होते.

"समदे झाडूवाली म्हणायचे," ते म्हणाले. "मीबी."