मी प्राचीबाईंच्या टाकीतला कोरडा पाइप

मित्रांनो, मी एक जुना पाइप आहे आणि माझे बरेचसे आयुष्य कोरडे गेले आहे.

कारखान्यातून मी गोंदियात मुन्नालालच्या हार्डवेअर दुकानात आलो. माझे भाऊबंद शेतावरच्या मोटारींना लागले. मला प्राचीबाईंनी नेले. त्यांना घरात समुद्र करायचा होता. खरा समुद्र इथून फार दूर. म्हणून काचेच्या टाकीत गाळलेले पाणी भरून त्यांनी त्यात खास मीठ मिसळायचे ठरवले होते. त्यात प्रवाळ वाढवायचे होते. प्रवाळ दगडासारखे दिसते, पण ते जिवंत असते.

अशा टाकीचे पाणी वरून ओसंडून खालच्या टाकीत उतरते, तिथे स्वच्छ होते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. उतरायची वाट कशी असावी, यावर दुकानातच खल झाला. काठावर अडकवायचा डबा सोपा होता. पण वीज जाऊन आली की त्यातला ओघ पुन्हा सुरू होईलच, याची खात्री नव्हती. प्राचीबाईंनी काचेला भोके पाडून दोन पाइप बसवायचे ठरवले.

“दीदी, एक पाइप में काम हो जाता है,” मुन्नालाल म्हणाला.

“आणि तो तुंबला तर, भाऊ? पाणी तुमच्या दुकानात आणून ओतू?”

त्यांचे पती लखन हसले. “म्हणजे एक कमावणार आणि दुसरा बसून खाणार.”

तो बसून खाणारा मी. सगळे पाणी थोरला पाइप वाहायचा. माझे तोंड त्याच्याहून थोडे उंच, त्यामुळे एखादी बारीक धार तेवढी माझ्यातून खाली जाई. पाहुणे प्रवाळाचे कौतुक करत. माझ्याकडे कुणी बघत नसे. वाईट वाटायचे.

गेल्या वर्षी धानकापणी आटोपल्यावर प्राचीबाईंचे सासू-सासरे, दुर्पता आणि गोपीचंद, बोदलकसा तलावाजवळच्या गावाहून राहायला आले. गोपीचंदांचा जन्म धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, गेलेला. बांधीत पाणी मापात आले की पाळीतले, म्हणजे बांधातले, तोंड चिखलाने बुजवायचे, ही त्यांच्या हाताची सवय. प्राचीबाई आणि लखन कामावर गेल्यावर त्यांना माझ्यातली धार दिसली.

“हे पाणी कायले सोडून ठेवलं?” म्हणत त्यांनी जुन्या धोतराचा बोळा माझ्या तोंडात कोंबला. मला ओरडता आले नाही.

दुपारी टाकीत शेवाळ खायला सोडलेली एक गोगलगाय थोरल्याच्या तोंडात शिरून अडकली. पंप चालूच होता. पाणी काठाला टेकले. खाली विजेची जोडणी होती. ती भिजून पंप बंद पडला असता, तर प्रवाळ वाचले नसते.

दुर्पता स्वयंपाकघरातून आल्या. “अहो, झोपून काय राहिले? तुमची बांधी फुटून राहिली.”

गोपीचंद उठले. एकदा पाण्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिले. कोपरापर्यंत हात घालून त्यांनी बोळा उपसला. सगळा ओघ घरघरत माझ्यात शिरला. आयुष्यात पहिल्यांदा मी तोंडापर्यंत भरून वाहिलो. पाणी काठावरून मागे सरले. जमिनीवर फक्त गोपीचंदांच्या हातावरचे पाणी सांडले.

संध्याकाळी ते स्वतःच म्हणाले, “बाई, तुझा पाइप मीच बुजवलो होतो.”

प्राचीबाईंनी आधी थोरल्यातली गोगलगाय सोडवली आणि प्रवाळ न्याहाळले. ते फुलासारखे उमललेले होते, म्हणजे सुखरूप. मग त्या म्हणाल्या, “मामाजी, तलावाचा सांडवा बुजवता का तुम्ही?”

“तो कोण बुजवते?”

“मग हा पण तोच आहे.”

आता गोपीचंद आले की पायपुसण्यावरून थेट टाकीशी येतात आणि माझ्या तोंडात बोट फिरवून बघतात. “चहा नाही, पाणी नाही, पहिले पाइपाची तब्येत,” दुर्पता म्हणतात.

मित्रांनो, घरात एखादी वस्तू रिकामी दिसली, तर तिचे तोंड बुजवण्याआधी ती कोणासाठी थांबली आहे ते विचारा. आणि अधूनमधून तिच्यावरून हात फिरवा.

मी आजही जवळपास कोरडाच आहे. आता त्याचे वाईट वाटत नाही.