जपानी म्हणून विकली गेलेली सुरी

मी सुरी आहे. जपानी म्हणून विकली गेले, एवढेच मी खात्रीने सांगू शकते. माझ्याविषयी बाकी जे काही लिहिले गेले, त्याची जबाबदारी माझी नव्हती. लाज मात्र माझ्या वाट्याला आली.

संकेतस्थळावरच्या पानावर माझा फोटो होता. एका वृद्ध लोहाराने मला भट्टीत तापवून, हातोड्याने ठोकून घडवले, असे त्याखाली लिहिले होते. तो लोहार मी कधी पाहिला नाही. मी यंत्राने पत्र्यातून कापली गेले. पात्यावरचे हातोड्याचे ठसेही यंत्रानेच उमटवले. पोलादाला पाणी देताना घाई झाली, त्यामुळे माझी धार कडक झाली, पण ठिसूळ राहिली. मुठीजवळ कोरलेली अक्षरे मला वाचता येत नाहीत. ती विकत घेणाऱ्यालाही येत नव्हती.

विकत घेणारा अनिस, वरवंडचा. सणसवाडीच्या एका कारखान्यात तो तयार मालाची तपासणी करतो. दुसऱ्याने केलेला एकही भाग मोजल्याशिवाय तो पुढे सरकू देत नाही. मला मात्र त्याने शिरूरच्या सायबर कॅफेत बसून, एका सहकाऱ्याचे क्रेडिट कार्ड वापरून, केवळ फोटोवर पसंत केले. हा विरोधाभास त्याच्या लक्षात आला नाही, कारण ती खरेदी त्याच्या आईसाठी होती.

त्याची आई चांदबी. लग्नाकार्यांत, जत्रांत मटणाचे जेवण करणारी. वरवंडपासून मांडवगण फराट्यापर्यंत तिच्या हाताचा रस्सा लोक ओळखत. पण जमिनीवर बसून विळीवर कांदे चिरता चिरता तिचे गुडघे गेले होते. उभ्याने चिरता यावे म्हणून अनिसने मला आणले.

तिने मला पहिल्यांदा हातात घेतले, तेव्हा शेजारचे इमाम मुलाणी तिथेच बसले होते. तेच नेहमी बोकड कापून देत.

"ही सुरी व्हय?" ते म्हणाले. "हिला लिंबू टोचा आन् नवरदेवाच्या हातात द्या."

"तुमचा सत्तूर तरी कुठं देखणा हाय?" चांदबी म्हणाली आणि कांदा चिरू लागली. कांदा माझ्याखाली अलगद सुटत गेला. ती थांबली, दुसरा कांदा घेतला. "अनिस, गुडघ्याला लई आराम पडला रं."

तेवढे काही महिने माझ्या आयुष्यातले बरे दिवस होते. भाज्यांपुरती मी खोटी नव्हते.

मग सोसायटीची निवडणूक झाली. गावातले पुढारी आनंदराव यांचे पॅनल निवडून आले आणि त्यांच्या मळ्यात मटणाचे जेवण ठरले. रांधायला अर्थातच चांदबी. चिंचेच्या ओंडक्यावर इमाम मटण तोडत होते, जवळच अनिस मला घेऊन कोथिंबीर चिरत होता. आनंदराव देखरेखीला आले.

"जपानी म्हणत्यात ती हीच का?"

"व्हय, आबा. हातानं घडवल्याली हाय."

"कोथिंबीर तर माझा नातूबी चिरंल. हाडावर मारून दाव की."

इमाम म्हणाले, "मालक, हाडाला सत्तूर हाय."

"थांब रं इमाम. एवढी परदेशातनं आणली, बघू तरी."

अनिसने मला उचलले आणि नळीच्या हाडावर जोराने मारले. हाड तुटले. आनंदराव हसले. मटण घमेल्यात भरले गेले आणि घमेले पातेल्यात रिकामे झाले. मला पुसताना अनिसला माझ्या धारेतली खाच दिसली, तांदळाच्या दाण्याएवढी. त्याने तिच्यावर अंगठा ठेवला. आनंदरावांनीही ती पाहिली होती. ते मांडवाकडे निघून गेले.

तुटलेला कण माझाच होता, पण तो कुठे पडला हे मला कळले नाही. चुलीवर रस्सा उकळत राहिला. ओंडक्याभोवतीची माती अनिसने पुन्हा पुन्हा चाळली. पंगत बसली, पत्रावळ्या मांडल्या गेल्या, तेव्हा कुठे तो आईच्या कानाशी लागला.

चांदबीने मला हातात घेतले, खाचेवरून बोट फिरवले आणि वाढप्यांना थांबवले. रस्सा फडक्यातून गाळला. इमामांनी परातीत फोडी पसरून चाचपल्या. कण सापडला नाही.

"वाढायचं न्हाई," ती आनंदरावांना म्हणाली.

"एवढ्याशा कणानं काय हुतंय? गाव बसलंय पंगतीला."

"तुमचा नातूबी बसलाय. त्याच्या घशात गेला तर?"

आनंदरावांनी गड्यांना हाक मारली. मटण मळ्याच्या बांधाशी खड्डा करून पुरले गेले. भाकरी तयारच होत्या; चांदबीने घाईघाईने पिठले टाकले.

"पॅनल निवडून आलंय का पडलंय?" पंगतीतून कोणी तरी विचारले. "पिठलं हाय म्हंजी पडलंच."

हशा ओसरला तसे लोक खरेच विचारू लागले, झाले काय? अनिस पुढे आला, पण त्याने तोंड उघडण्याआधीच चांदबी बोलली. "सुरीचा तुकडा गेला मटणात. सुरी माझ्या हातात हुती. माझं चुकलं."

अनिस तिथेच उभा होता. आनंदरावही होते. मारणारा आणि मारायला लावणारा, दोघांनीही तिला बोलू दिले.

त्यानंतर चांदबीला बोलावणी येईनाशी झाली. तिच्या जेवणात लोखंड निघते, असे लोक म्हणू लागले. निघाले काहीच नव्हते, ही बाब कोणी लक्षात घेतली नाही. दौंडचा केटरर गावात येऊ लागला. अनिसने विक्रेत्याला ईमेल केला. उत्तर आले: हाडासाठी केलेला वापर हमीत बसत नाही, सुरी स्वखर्चाने परत पाठवावी. कोणत्या पत्त्यावर, असे त्याने विचारले. त्यावर उत्तर आले नाही. तो चिडला, पण विक्रेत्यावरचा राग त्याला पुरला नाही. आई घरी दोघांपुरता कांदा चिरू लागली की तो उठून बाहेर जाई.

आज सकाळी त्याने मला फडक्यात गुंडाळले आणि आनंदरावांच्या घरी नेऊन टीपॉयवर ठेवले.

"आबा, तुमच्या धाकल्या नातवाच्या जावळाचं जेवण दौंडच्या माणसाला दिलंय म्हणं. त्या दिवशी सुरी मी मारली हुती. तुमाला ठाव हाय."

आनंदरावांनी फडके उलगडून माझी खाच पाहिली.

"तुझ्या आईनं कवा काढलं न्हाई ते."

"ती न्हाईच काढायची."

त्यांनी मोबाइल उचलला आणि धाकट्या भावाला लावला. "म्हस्कू, जावळाचं जेवण चांदबीच करंल. दौंडवाल्याला न्हाई म्हणून सांग. अरं, तिचा दोष न्हवता. त्या दिवशी सुरी तिच्या हातात न्हवतीच. पोरानं हाडावर मारली… काय म्हंजी? आता पोरंच ती. आली लहर, मारली."

फोन ठेवल्यावर त्यांनी अनिसकडे पाहिले नाही. अनिसनेही विचारले नाही की, आबा, लहर कोणाची होती? आईचे नाव धुऊन निघाले, एवढ्यावर त्याने समाधान मानले असावे. गप्प राहण्याचा अधिकार त्या पंगतीत आपणही वापरला होता, हेही त्याला आठवले असावे.

"चहा घेणार का?" आनंदरावांनी विचारले.

अनिस थांबला. दोघे माझ्या दोन बाजूंना बसून चहा प्याले. माझ्यासारख्या सुऱ्या त्या पानावर अजूनही विकल्या जात असतील. वाचकहो, तिथे जाल तर फोटोवर विश्वास ठेवू नका. पोलाद कोणते, घडवणारा कोण, परत कुठे पाठवायची, हे आधी विचारा. आणि घेतलीतच, तर तिला भाजीपुरती ठेवा. कोणी हाडावर मारायला सांगितले, तर सांगणाऱ्याचे नाव तिथल्या तिथे, चारचौघांत घ्या. नंतर ते घेणे किती अवघड होते, हे मी या टीपॉयवरून पाहते आहे.