कुंपणाबाहेरचा धूर

मित्रांनो, मी एक जुना बॉयलर आहे आणि आता विझलेलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी पुन्हा पेटेन अशी आशा धरून तुम्ही बसणार नाही. माझ्या पोटात जिथे जाळ असे, तिथे आता एक मांजर येऊन जाते. ऊब मिळेल म्हणून आत शिरते आणि मिळत नाही म्हणून निघून जाते. मला तिचं वाईट वाटायला हवं, पण वाटत नाही. लोखंड थंड झालं की त्याला कशाचंच फारसं काही वाटत नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. आगगाडीच्या उघड्या डब्यातून मला कझाकस्तानात, इर्तिश नदीच्या काठी, या लोकरीच्या गिरणीत आणलं. मेंढीच्या अंगावरची लोकर मळकी आणि तेलकट असते. ती धुवायला कढत पाणी लागतं, रंगवायला वाफ लागते. दोन्ही मी देत असे. कोळसा खायचा, वाफ द्यायची आणि उरलेला धूर आकाशात सोडायचा, एवढंच माझं काम होतं.

गिरणीच्या कुंपणाला लागून कामगारांची वसाहत होती. माझं गरम पाणी जाड नळ्यांमधून तिथल्या घरांतही जाई. या नळ्या जमिनीच्या वरूनच गेलेल्या. रस्ता आला की त्या कमानीसारख्या वर चढत आणि पलीकडे उतरत. हिवाळ्यात गावातली कुत्री त्यांच्यावर पाय ताणून झोपत आणि बायका त्यांच्यावर लोकरीचे मोजे वाळत घालत. ही ऊब कुणी कुणाला द्यायची, हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. गिरणी पेटली की घरं तापत, इतकं ते साधं होतं. पुढे राज्य बदललं, मालक बदलले, गिरणीच्या दारावरची पाटी बदलली, पण ऊब जातच राहिली.

मला कोळसा घालायचं काम कैरोल्लाकडे होतं. तो तरुण असताना आला आणि माझ्यासमोरच म्हातारा झाला. त्याची बायको दामेतकेन दुपारी त्याच्यासाठी बावरसाक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, आणि दुधाचा चहा घेऊन येई. परत जाताना ती वसाहतीकडे जाणाऱ्या नळीवर तळवा ठेवी आणि माझ्याकडे बघून म्हणे, "चांगला तापलास हो." लहान मुलाचा ताप उतरला की आई जशी बोलते तशी, फक्त उलट. तेव्हा मला बरं वाटत असे. ते कसं असतं हे मला आता आठवत नाही, एवढंच आठवतं की वाटत असे.

कामगारांच्या सणाला माझ्या दारावर लाल फीत बांधत. नंतर फीत बंद झाली. नळ्यांवरचा पत्रा गंजला, सांध्यांतून पाणी ठिबकू लागलं. कोळसा भुसभुशीत येऊ लागला आणि माझा धूर अधिक काळा झाला. वसाहतीत वाळत घातलेल्या चादरींवर काजळी बसे. बायका मला शिव्या घालत आणि रात्री माझ्याच उबेत झोपत. गरज पण मीच आणि कटकट पण मीच.

मग परदेशातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचा निरोप आला. तुमच्या सुतामागे किती धूर होतो ते मोजून सांगा, दरवर्षी तो कमी करून दाखवा, नाहीतर आम्ही सूत दुसरीकडून घेऊ. कामगारांना यात पहिल्यांदा गंमतच वाटली. कैरोल्ला म्हणाला, "आता मेंढ्यांचे ढेकरही मोजून द्यायला लागतील." त्याला वाटलं आपण विनोद केला. पुढे कळलं की खरोखर तेही मोजतात.

मोजायचं काम बोतागोज़कडे आलं. ती कैरोल्लाच्या धाकट्या मुलाची बायको, अल्माटीत शिकलेली, सासरी त्याच घरात राहणारी. इकडे सुनेला केलिन म्हणतात. केलिन सासऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही, 'अके' म्हणते, आणि चारचौघांत त्याच्याआधी बोलत नाही. बोतागोज़ गिरणीत डोक्यावर पिवळी टोपी घालून पुरुषांना कामं सांगे, पण कैरोल्ला समोर आला की नजर खाली करून वाट देई. तिला त्यात काही जड वाटत नसे. त्यालाही नसे.

तिने कोळसा मोजला, वीज मोजली, ट्रकचं डिझेल मोजलं. लोकर धुऊन झालेलं कोमट पाणी आपण नदीत फुकट सोडतो, म्हणजे ऊबच फेकून देतो, हे तिने सगळ्यांना दाखवलं. तिने भिंतीवर एक मोठं वर्तुळ काढून लावलं होतं. त्यातला बहुतेक भाग काळा होता. तो मी. मला अपमान वाटला नाही. होतंच ते तसं.

तिची योजना सरळ होती. आधी गळत्या बंद करायच्या आणि नळ्यांवर नवं वेष्टण घालायचं. मग त्या कोमट पाण्यातली ऊब ओढून घेणारी विजेची यंत्रं बसवायची आणि त्यांना माळावरच्या पवनचक्क्यांची वीज द्यायची. त्याच यंत्रांवर वसाहतही जोडायची. आणि हे सगळं झालं की मगच मला विझवायचं.

गिरणीचे संचालक दाउरेन मुखितोविच अस्तानाहून आलेले, हिशेबी गृहस्थ होते. वाईट नव्हते. ते म्हणाले की यंत्रं यंदा गिरणीपुरतीच घेता येतील, वसाहतीचं नंतर बघू. शिवाय त्यांच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. मी वसाहतीसाठी जो कोळसा जाळत होतो, त्याचा धूर इतकी वर्षं गिरणीच्या नावावर होता. वसाहतीकडे जाणाऱ्या नळ्या तोडल्या की, यंत्रांची बचत धरून, गिरणीचा आकडा एका फटक्यात निम्म्यावर येणार होता. घरं काही गिरणीची नाहीत, मग त्यांचा धूर गिरणीने का मोजायचा? त्यात खोटं काही नव्हतं. तेच वाईट होतं.

बोतागोज़ने त्यांच्या खोलीत जाऊन दोनदा विरोध केला. ते म्हणाले, वसाहतीच्या लोकांची हरकत असेल तर सभेत मांडू द्या, मी ऐकेन.

सभा माझ्याच समोर झाली, कारण विझणार मी होतो आणि माझ्यासोबत फोटो हवा होता. गिऱ्हाइकाकडून एक पाहुणी आली होती. वसाहतीतर्फे सर्वांत वडील म्हणून कैरोल्लाला मानाच्या खुर्चीवर बसवलं होतं. बोतागोज़ पाहुणीशेजारी उभी राहून तिला सगळं तिच्या भाषेत सांगत होती. संचालकांनी योजना वाचली आणि विचारलं, कुणाची काही हरकत?

मी सासरा आणि सून दोघांकडेही बघत होतो. बोतागोज़च्या हातात घडी घातलेला कागद होता. वसाहतीचा हिशेब त्यावर तयार होता. पण मानाच्या खुर्चीवर सासरा बसला होता. त्याने नुसतं विचारलं असतं की आमच्या घरांचं काय, तर ती लगेच कागद उघडणार होती. त्याच्याआधी तोंड उघडणं तिला जमलं नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली.

कैरोल्लाही तिच्याकडे बघत होता. घरं गार पडणार हे त्याला कळत होतं. पण ही योजना आपल्या केलिनने केलेली आहे, परकी पाहुणी समोर आहे, अशा वेळी सासऱ्यानेच खोट काढली तर पोरीची मान खाली जाईल, असं त्याला वाटलं. आणि ती शिकलेली आहे, काही चुकत असतं तर तिनेच सांगितलं असतं. तो मूग गिळून बसला. मग उठला, दोन्ही तळवे वर करून कामाला आशीर्वाद दिला. सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. वडीलधाऱ्याचा आशीर्वाद झाला की इकडे कुणी काही बोलत नाही. बोतागोज़ने कागद खिशात ठेवला.

गिरणीत यंत्रं बसली आणि त्या शरद ऋतूत मला विझवलं. शेवटचं फावडं कैरोल्लाने ओढलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. राख गार व्हायला वेळ लागला. मग मी गार झालो. पहिल्यांदा बाहेरचं लोखंड, मग आतलं. दुखलं नाही.

वसाहतीत घरोघरी लोखंडी शेगड्या आल्या. प्रत्येक खिडकीतून एकेक पत्र्याचं नळकांडं बाहेर आलं. माझं धुराडं निदान उंच होतं. हा धूर दारातच बसू लागला. माझ्या खोलीच्या फुटक्या काचेतून मला तो दिसे. आपलं अंगण झाडून कचरा शेजाऱ्याच्या दारात लोटावा, तसं झालं होतं. गिरणीचं अंगण मात्र लख्ख होतं.

घरी सासरा आणि सून यांच्यात याविषयी एक शब्द झाला नाही. दोघेही कोळसा आणत होते, राख टाकत होते.

माघात हिमवादळ सुटलं. बोतागोज़ आणि तिचा नवरा कामावर होते, कैरोल्ला अंगणातला बर्फ ओढत होता. घरात दामेतकेन एकटी होती. सारा जन्म तिने नळीच्या उबेत काढला होता, शेगडीची सवय नव्हती. ऊब निघून जाऊ नये म्हणून तिने निखारे लाल असतानाच धुराड्याची झडप लावली आणि कोळशाचा विषारी वायू घरातच कोंडला. कैरोल्ला आत आला तेव्हा ती टेबलाशेजारी जमिनीवर पडलेली होती. त्याने तिला ओढत बर्फात नेलं. ती वाचली.

वाचली म्हणजे श्वास घेते, खाते, हसतेसुद्धा. पण माणसं विसरते. बोतागोज़ला ती आपली बहीण समजते. आणि दिवसातून कितीदा तरी एकच विचारते, नळ्या तापल्या का? हे मला कैरोल्लाने सांगितलं. तो दुपारी माझ्यासमोरच्या उलट्या बादलीवर येऊन बसे. नेहमीच्या आवाजात सांगे, जसा पूर्वी कोळशाबद्दल सांगत असे. त्याचंही लोखंड गार झालं होतं.

वसंतात पाहुणी पुन्हा आली. गिरणीने धूर निम्म्याने कमी केला म्हणून पितळेची एक पाटी आणली होती. ती माझ्याच पोटावर ठोकायची ठरली. चार भोकं पाडली, पाटी बसवली. पुन्हा तीच माणसं, तीच मानाची खुर्ची. संचालकांचं भाषण संपलं. आता कैरोल्ला उठून आशीर्वाद देणार, एवढंच बाकी होतं. तो उठायच्या आत बोतागोज़ पुढे आली.

"अके, माफ करा. आज मी तुमच्याआधी बोलते."

ती संचालकांना म्हणाली, "ही घट खरी नाही. त्यातला अर्ध्याहून जास्त धूर कमी झालेलाच नाही, तो फक्त कुंपणाबाहेर गेला. आता तो खिडक्यांतून निघतो. माझ्या घरातला धूर मी मोजलाय, शेजाऱ्यांचाही मोजलाय. तो आपल्या आकड्यात धरा, नाहीतर ही पाटी काढा."

मग हेच तिने वळून पाहुणीला तिच्या भाषेत सांगितलं. एक शब्द कमी केला नसावा, कारण पाहुणीचा चेहरा पडला. संचालक हळू आवाजात म्हणाले, "हे सभेत का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं."

बोतागोज़कडे उत्तर होतं, पण ते तिने सासऱ्याला दिलं. "मी तुमची वाट बघत होते, अके."

कैरोल्ला खुर्चीवरून उठला. मग म्हणाला, "आणि मी तुझी बघत होतो, पोरी."

एवढंच. कुणी रडलं नाही. पाहुणीने विचारलं, आता पुढे काय? बोतागोज़ने खिशातून तोच घडीचा कागद काढला आणि माझ्या झाकणावर पसरला. सगळे वाकून बघू लागले. शेवटी आशीर्वादासाठी सगळ्यांनी कैरोल्लाकडे पाहिलं. त्याने तळवे उचलले आणि परत खाली घेतले. म्हणाला, "अजून नाही. नळ्या तापल्या की देईन."

पाटी काढली. भोकं राहिली. धूर किती कमी केला याचा गिरणीचा नवा आकडा पहिल्यापेक्षा पुष्कळ लहान निघाला. गिऱ्हाईक कुरकुरलं, पण टिकलं. पुढच्या शरदात नवी यंत्रं वसाहतीलाही जोडली. खिडक्यांतली नळकांडी एकेक करून आत गेली.

मित्रांनो, मी स्वतःसाठी काही मागत नाही. मला विझवलं ते बरोबरच केलं. मी या आकाशात फार धूर ओतला आहे. आता मला कापून भंगारात काढतील, त्याचंही काही नाही. फक्त एवढं करा. कुणी म्हणालं की आमचा धूर निम्मा झाला, तर शाबासकी देण्याआधी विचारा, उरलेला निम्मा कुठे गेला? तो कुणाच्या खिडकीतून तर निघत नाही ना? आणि तुम्हाला उत्तर ठाऊक असेल, तर मोठ्या माणसांनी तोंड उघडायची वाट पाहू नका. ती बिचारी कदाचित तुमचीच वाट पाहत असतील.

ज्या दिवशी नळ्यांत पाणी सोडलं, त्या दुपारी कैरोल्ला दामेतकेनला हाताला धरून इथे घेऊन आला. मागे बोतागोज़ होती. नळी अजूनही माझ्या शेजारूनच जाते, पण तिच्यात आता माझं काही नाही. दामेतकेनने नळीवर तळवा ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली. मग माझ्या थंड पोटावर, त्या भोकांपाशी, हात फिरवून म्हणाली, "चांगला तापलास हो."

कैरोल्लाने तिला सांगितलं नाही की हा तो नव्हे. त्याने दोन्ही तळवे वर केले.