तिसरी फुली

दूध संकलन केंद्राच्या धक्क्यावर रोज सकाळी सहा वाजता एक माणूस उभा राहायचा आणि त्याच्या नाकाखालून दीडशे कॅन जायचे. झाकण उघडायचं, वाकायचं, एक श्वास घ्यायचा आणि डाव्या हाताने खूण करायची, की कॅन आत. नाहीतर कानावरचा लाल खडू काढून कॅनच्या पोटावर फुली मारायची. फुलीचं दूध परत. महिन्यात तीन फुल्या पडल्या की त्या माणसाचा नंबर वहीतून बाद. मग महिनाभराने एक कॅन भरून आणायचा आणि तो पास झाला तर नंबर परत मिळायचा. पास करणारं नाक तेच.

सगळे त्यांना नाकमास्तर म्हणत. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं, पण धक्क्यावर त्यांच्यापुढे भलेभले छडी खाणाऱ्या पोरांसारखे उभे राहत. बावीस वर्षांचा दबदबा होता. "तुझ्या कॅनशेजारी रॉकेलचा डबा होता का रे?" असं ते नुसतं झाकण उघडून विचारायचे आणि समोरचा पायातली चप्पल बघायला लागायचा. गाईने काल काय खाल्लं, झाकण साबणाने धुतलं की नुसतं विसळलं, दूध पहाटेचं आहे की रात्रीचं त्यात मिसळलंय, सगळं त्यांना कळायचं. आतमध्ये लॅब होती, पण लॅबची पाळी नाकानंतर. नाकाने नाही म्हटलं की विषय संपला.

दिसायला ते नाक काही खास नव्हतं. मधे किंचित वाकडं, टोकाला फुगीर. पण नाकासमोर चालणाऱ्या या माणसाला आयुष्यात मिरवायला दुसरं काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते मिरवायचेही भरपूर. नाकाने कांदे सोलायची त्यांना हौस होती. कोण दुधात लबाडी करतं यावर ते बायकोला जेवताना प्रवचन द्यायचे.

हे नाक दीड वर्षापूर्वी बिघडायला लागलं. आधी सकाळच्या शिंका, एकामागून एक दहा-बारा. मग चोंदणं. एक नाकपुडी उघडली की दुसरी बंद. औषधाच्या दुकानातून त्यांनी थेंबांची बाटली आणली. पहिल्याच दिवशी नाक असं मोकळं झालं की त्यांनी बाटलीला मनोमन हात जोडले. पण थेंबांचा असर उतरला की नाक आधीपेक्षा घट्ट बंद व्हायचं. मग पुन्हा थेंब. खिशात एक बाटली, उशाखाली एक, धक्क्यावरच्या खणात एक. महिन्यात संपणारी बाटली चार दिवसांत संपायला लागली.

वास कधी गेला ते त्यांना कळलंसुद्धा नाही. चहा पाणचट लागायला लागला तेव्हा त्यांनी बायकोला दोष दिला. भाजी बेचव लागली तेव्हाही तिलाच. मग एका रविवारी ते पेपर वाचत बसले होते आणि चार हातांवर शेगडीवर दूध उतू जाऊन, करपून, पातेलं काळं झालं. बायको बाहेरून धावत आली.

"अहो, फाटकापर्यंत वास येतोय! तुम्ही इथेच बसलाय ना?"

मास्तरांनी पेपर खाली केला. खोलीभर धूर होता. त्यांनी श्वास घेतला. काही नव्हतं. करपलेल्या दुधाचा वास, जो त्यांना गल्लीच्या टोकावरून यायचा, तो नव्हता.

बायकोने त्यांना धरून नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर वयाने लहान होते, पण हात स्थिर होता. उजेड पाडून त्यांनी दोन्ही नाकपुड्या बघितल्या आणि म्हणाले, "पडदा वाकडा आहे, तो असतो बऱ्याच जणांचा. पण दोन्हीकडे मांसांकुर आहेत. द्राक्षाच्या घडासारखे लटकलेत. आणि थेंब किती दिवस टाकताय?"

"कधीमधी," मास्तर म्हणाले.

"दिवसातून आठ वेळा," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. नाक म्हणजे नुसतं हवेचं भोक नव्हे. ते बाहेरची हवा गरम करतं, ओलसर करतं, धूळ गाळतं, मगच छातीत सोडतं. वास घेणारी जागा अगदी वर, नाकाच्या छताला, टपालाच्या तिकिटाएवढी. मास्तरांच्या बाबतीत तिथपर्यंत हवाच पोचत नव्हती. जिभेला फक्त गोड, खारट असलं ढोबळ कळतं. बाकी चव म्हणजे नाकच. "मिरचीचा ठसका लागेल, कांद्याने डोळ्यांत पाणी येईल, त्याची नस वेगळी. पण वास नाही. थेंब आजपासून बंद. गोळ्या देतो, मग ऑपरेशन करू. वास परत येईलच असं लिहून देत नाही. पण जितका उशीर कराल तितकी आशा कमी."

"रजा किती लागेल?"

"धूळ-ओलावा टाळायचा तर तीन आठवडे."

रजेच्या अर्जावर कारण लिहावं लागतं. नाकमास्तरांनी तिथे काय लिहायचं? नाक? बाहेर पडल्यावर बायको म्हणाली, "सांगून टाका साहेबांना. दुसरं काम देतील. वही लिहाल, नाहीतर कॅन मोजाल."

"बावीस वर्षांनी कॅन मोजू? नाक कापून हातात दिल्यासारखं होईल."

"नाकापेक्षा मोती जड झालाय तुम्हाला," ती म्हणाली.

मास्तर कामावर जात राहिले. कारण त्यांना एक युक्ती सापडली होती आणि, लबाडी असली तरी, ती युक्ती हुशारीची होती. बावीस वर्षांत त्यांनी दुधाइतकेच चेहरेही पाहिले होते. ज्याचं दूध चांगलं असतं तो झाकण उघडताना इकडेतिकडे बघतो, जांभई देतो, शेजाऱ्याशी बोलतो. ज्याच्या दुधात काही काळंबेरं असतं तो मास्तरांच्या नाकाकडे टक लावून बघतो, श्वास रोखतो, गिळतो. मास्तर वाकायचे दुधावर, पण तिरक्या नजरेने बघायचे चेहऱ्याकडे. श्वास घेणं तर त्यांनी केव्हाच सोडलं होतं; नुसतं वाकायचं आणि दोन आकडे मोजायचे. महिनोन् महिने हे बेमालूम चाललं.

मग एकदा अख्खी टाकी आंबली. कोणा थंड डोक्याच्या माणसाचं दूध जांभईसकट आत गेलं होतं. साहेबांनी मास्तरांना आत बोलावलं, खुर्ची दिली, आणि नरमाईने म्हणाले, "मास्तर, उन्हाळा आहे, होतं असं. पण जरा कडक राहा. शंका आली की फुली." साहेबांची नरमाई मास्तरांना शिवीपेक्षा लागली. दुसऱ्या दिवसापासून ते कडक झाले.

त्याच आठवड्यात दोन गाईवाली बाई रांगेत नवीन आली. आधी तिचा नवरा यायचा. त्याला अर्धांगाचा झटका आला आणि त्याचा नंबर तिच्याकडे आला. दोन गाई, अंथरुणावरचा नवरा, आणि दुसरी काही कमाई नाही. कॅन ती तीन-तीन वेळा उकळत्या पाण्याने धुवायची. रांगेत तिचा कॅन सगळ्यांत लख्ख असायचा. पण बिचारीचा जीव मुठीत असायचा. झाकण उघडलं की ती मास्तरांच्या नाकाकडे बघत राहायची आणि आवंढा गिळायची.

पहिली फुली पडली तेव्हा तिने कॅन उचलून परत नेला. दुसऱ्या फुलीला म्हणाली, "मास्तर, पहाटेच काढलंय हो. पुन्हा एकदा बघता का?"

"बाई, मला शिकवू नका," मास्तर म्हणाले. रांग हसली. मास्तरांना बरं वाटलं, हेही सांगितलं पाहिजे.

तिसऱ्या फुलीच्या दिवशी धक्क्याच्या पायऱ्यांखाली घूस मरून पडली होती. तीन दिवसांची. रांगेतला प्रत्येक जण नाकाला रुमाल, पदर, बाही, जे हाताशी येईल ते लावून उभा होता. मास्तर त्याच पायरीवर बसून बिस्किट चहात बुडवून खात होते. लोक म्हणाले, केवढा माणूस, कामापुढे काही बघत नाही. बाईची नजर मात्र मास्तरांच्या नाकावर होती. ती बघत होती.

तिची पाळी आली. मास्तर वाकले. तिरक्या नजरेला ओळखीची टक दिसली, ओळखीचा आवंढा दिसला. त्यांनी कानावरचा खडू काढला.

"तुम्ही दुधाकडे बघतच नाही," ती हळूच म्हणाली. "माझ्याकडे बघता."

खडू क्षणभर थांबला. मग फुली पडली. नंबर बाद झाला. बाईने कॅन उचलून हातगाडीवर ठेवला आणि ती मान खाली घालून गेली.

दुपारी लॅबवाला त्यांच्याजवळ येऊन बसला. जुना सोबती, तोंडाचा फटकळ. "मास्तर, त्या बाईच्या कॅनमधलं दूध मी नळीत घेतलं होतं सकाळी. सहज. उत्तम दूध होतं. सगळ्या रांगेत तसं दूध नव्हतं. सर्दीबिर्दी झालीय का तुम्हाला?"

"जरा आहे," मास्तर म्हणाले.

"मग सांगा की साहेबांना. उद्या नंबर देतील तिला."

मास्तर "बघतो" म्हणाले. साहेबांच्या दारापर्यंत ते दोनदा गेले. आत काय सांगायचं? माझं नाक चुकलं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता, आणि त्या प्रश्नाला बावीस वर्षं घाबरून होती. दोन्ही वेळा ते परत फिरले. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. बायकोने कारण विचारलं, आणि त्यांनी सगळं सांगितलं.

"त्या बाईचं घर चालायचं कसं आता?" तिने विचारलं.

"महिन्याने येईल ना ती कॅन घेऊन. पहिल्याच झटक्यात पास करतो. डोळे मिटून."

"एक महिना गाईंनी काय खायचं?"

मास्तर ताटावरून उठले. पण स्वतःला समजवायला माणसाला फार हुशारी लागत नाही. त्यांनी कॅलेंडरवर पेन्सिलीने खूण केली आणि दिवस मोजायला लागले. दुसऱ्यावर केलेला अन्याय आपणच मोठ्या मनाने दूर करणार, या विचाराने त्यांना झोपही लागायला लागली. थेंब टाकून.

बरोबर महिन्याने ती आली. तोच लख्ख कॅन, तीच हातगाडी. अंगाने निम्मी झाली होती. रांग ओळखीची होती. कोणीतरी तिला पुढे जायला जागा दिली. साहेब वही घेऊन उभे होते, लॅबवाला दारात होता. नंबर परत द्यायचा तर साक्षीदार लागत.

"या बाई," मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात माया होती, आणि ती खोटी नव्हती.

बाईने स्वतः झाकण उघडलं. कॅन काठोकाठ पांढराशुभ्र. मास्तर वाकले, आणि सवयीने तिरकी नजर तिच्याकडे गेली. ती त्यांच्या नाकाकडे बघतच नव्हती. समोरच्या भिंतीकडे बघत होती, शांत, जांभई द्यावी इतकी शांत. मास्तरांना हायसं वाटलं. आज पास करायला लबाडीसुद्धा करावी लागत नव्हती. चेहराच सांगत होता. ते मुद्दाम जास्त वेळ वाकून राहिले. पाच आकडे मोजले.

"वा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "याला म्हणतात दूध. घ्या आत."

कोणी हललं नाही. मास्तरांनी डावा हात पुन्हा हलवला. मग त्यांनी मान वर केली. रांगेतल्या पहिल्या चौघांनी नाकाला हात लावला होता. साहेबांची वही छातीशी होती आणि तोंड उघडं. लॅबवाला दोन पावलं पुढे आला, हवेत हुंगला, आणि त्याने मास्तरांकडे असं बघितलं की मास्तरांना त्याचं सांत्वन करावंसं वाटलं.

बाईने कॅनच्या तोंडावर हात आडवा धरला. "आत नका घेऊ," ती म्हणाली. "फिनेल आहे. पाण्यात घातलं की पांढरं होतं."

"मग दूध कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"दूध कुठून आणू? एक गाय पंधरा दिवसांपूर्वी विकावी लागली, दुसरी परवा. गोठा धुवायला आणलेलं फिनेल उरलं होतं." ती ओरडली नाही, रडलीही नाही. "मला नंबर नको साहेब. मला एवढंच बघायचं होतं, की दोष माझ्या दुधात होता का."

मास्तर पुन्हा वाकले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आता त्यांनी खरोखर श्वास ओढला, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा, नाक त्या पांढऱ्या पाण्याला टेकेपर्यंत खाली नेऊन. वास आला नाही. नुसते डोळे चुरचुरले आणि पाणी यायला लागलं. रांगेतल्या कोणीतरी म्हटलं, राहू द्या मास्तर, रडू नका. त्यांनी कानावरचा खडू काढून साहेबांच्या वहीवर ठेवला. बाई झाकण लावून, कॅन हातगाडीवर चढवून, केव्हाच फाटकापर्यंत पोचली होती.