उणे आलेला देश

बापूसाहेबांनी चपला जिन्यातच काढल्या आणि मंजुश्रीच्या वर्गाच्या बंद दाराला कान लावला. स्वतःच्याच क्लासमध्ये चोरासारखं उभं राहायचं, याची त्यांना लाज वाटली. पण कान काही त्यांनी काढला नाही.

दार बंद, हेच मुळात आक्रीत होतं. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये क्लास सुरू झाला, तेव्हापासून शिकवताना दार उघडं ठेवायचा नियम होता. पुढे लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले, बापूसाहेबांचीही इमारत झाली, तरी वर्गाचं दार कधी लागलं नव्हतं. त्यात झाडलोट करणाऱ्या साखराबाईंनी सकाळीच हळूच सांगितलं होतं,

"नांदेडच्या क्लासचा मालक आला हुता. मंजुश्री मॅडमसंग लई येळ बोलून राहिला हुता."

झालं. बापूसाहेबांच्या डोक्यात किडा वळवळू लागला. निलंग्याकडच्या, भूकंपात घर पडलेल्या या पोरीला त्यांनी फी न घेता शिकवलं, अर्थशास्त्राची मॅडम केलं. तीच आता बारावीची अख्खी बॅच घेऊन नांदेडला जाणार!

आत मंजुश्री शिकवत होती.

"बाहेरच्यांनी आपल्या देशातल्या धंद्यात घातलेला पैसा, त्यातून आपल्या लोकांनी बाहेरच्या धंद्यात घातलेला वजा करा. उरली ती निव्वळ परकीय गुंतवणूक. आता हे दोन छोटे देश. अ देशात अधिक आली, ब देशात उणे. कोणता बरा?"

"अ, मॅडम!" पोरं ओरडली.

"घाई करू नका. ब देशातली माणसं बाहेर जाऊन काही उभं करत असतील. बाहेर गेलं म्हणजे घर बुडवलं, असं नसतं."

ब देश म्हणजे आपला क्लास आणि बाहेर म्हणजे नांदेड, हे बापूसाहेबांना बरोबर कळलं. त्यांनी दार ढकललं.

"पोरांना नांदेडची वाट दाखवून राहिलीस का गं?"

मंजुश्रीनं मागच्या बाकाकडे पाहिलं. तिथे पोरांच्या गर्दीत गुडघे आखडून अनय बसला होता. त्यांचा मुलगा. खाली ऑफिसात प्रवेश बघायचं काम त्याच्याकडे होतं.

"तू? इथं?"

"शिकवतात कसं ते बघून राहिलो होतो. दार मीच लावायला सांगितलं." अनय उठला. "नांदेडला अर्थशास्त्र शिकवायला बोलावलंय मला, बाबा. उद्या कळवायचंय."

"ते मला न्यायला आले होते, सर," मंजुश्री म्हणाली. "मी नाही म्हणले. अनयदादांचं नाव सुचवलं."

"इथं काय कमी होतं तुला?"

"एम.ए. झालो तेव्हापासून खालीच बसलोय. तुम्ही एकदा तरी फळ्यापुढं उभं केलं का मला?"

मंजुश्रीकडे बापूसाहेबांना बघवेना. पण अनयला जाऊ द्यायचं नव्हतं. ते पुढच्या बाकावर पोरांच्या शेजारी जाऊन बसले.

"मग आज शिकव. ब देशाचं उणे का आलं, ते समजाव. पोरांना कळलं, तर उद्यापासून हा वर्ग तुझा."

अनयचा चेहरा उजळला. आपला एवढा मोठा मुलगा शेवटचा असा कधी हसला होता, ते बापूसाहेबांना आठवेना. मंजुश्रीनं खडू दिला. अनयनं फळ्यावर दोन्ही देश पुन्हा मांडले, पोरांकडे वळला, घसा खाकरला.

"समजा, ब देशात एक साखर कारखानदार आहे..."

"आधी व्याख्या सांग," बापूसाहेब म्हणाले.

शब्द तोंडातून गेला आणि मग त्यांना कळलं, आपण त्याला पहिलं वाक्यही पुरं करू दिलं नाही. अनयनं पुढे येऊन खडू त्यांच्या हातात ठेवला. रागानं नव्हे, अगदी जपून.

"मॅडम," तो मंजुश्रीला म्हणाला, "अहमदपूरवरून जाणारी नांदेडची गाडी किती वाजता हाय?"